अण्णांच्या वह्या

शुक्रवार, रात्री उशिरा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवरची सोलं आत घेत होते. "ताई, अण्णांच्या वह्या तुमच्याकडेच आहेत ना? क्लबातली पोरं विचारतायत. काचेच्या पेटीत ठेवणार म्हणे." मी म्हटलं, आहेत. ती म्हणाली, रविवारी सकाळी कोणाला तरी पाठवते. संपलं बोलणं. त्यात लागण्यासारखं काय होतं? काहीच नाही. तरी जेवण गेलं नाही, आणि आता एवढ्या रात्री सगळ्या वह्या पलंगभर पसरून बसले आहे. डांबरगोळ्यांच्या वासानं डोकं चढलंय.

अण्णांच्या वह्या. क्रिकेटच्या सामन्यांचं गुणलेखन, आणि त्यांत माझ्या वडिलांचं, अण्णांचं, एक अक्षर नाही.

अगदीच नाही असं नाही. एका पुठ्ठ्यावर त्यांनी वाणसामान लिहून ठेवलंय, आणि एकीत मधेच कोणाचा तरी जुना फोन नंबर. बाकी सगळं माझं. शाळेतलं गोलगोल अक्षर, मग कॉलेजातलं तिरपं, मग लग्नानंतरचं घाईचं. निर्धाव षटकाची सहा टिंबं जोडून केलेले एम. गडी बाद झाला की लाल पेन्सिल. लाल पेन्सिल पहिल्यांदा आणून दिली ती मात्र अण्णांनीच, हे कबूल.

काचेच्या पेटीत त्यांचा माईक असणार, तो करडा, ज्याच्या मानेला मी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. चष्मा. नाटकातल्या राजाच्या वेषातला फोटो. आणि या वह्या, बहुतेक एखादी उघडून. पोरांची कल्पना वाईट नाही. पोरं भली आहेत. त्यांच्यातला एकही तेव्हा जन्माला आला नव्हता, त्यांना कुठून माहीत असणार मांडवात कोण कुठे बसायचं?

शेतं कापून झाली, शिगमो सरला की मांडव पडायचा. माडाचे खांब, वर झापं, पुढे शाळेतून आणलेलं टेबल. अण्णा खुर्चीत, मी त्यांच्या डाव्या हाताला बाकड्यावर. उजवीकडे कर्ण्याच्या वायरी, म्हणून डावीकडे. माईकवर ते मराठी बोलायचे, उत्सवातल्या नाटकांत बोलायचे तसलं खणखणीत, एकही शब्द न खाता. आणि माईकवर पंजा ठेवून माझ्याकडे वळले की कोंकणी. "कितले गो?" मी वही सरकवायची, बोट ठेवायचं. पंजा उठायचा. "रसिकहो, धावफलक सांगतो, तीन बाद एक्याऐंशी!"

लोक म्हणायचे, अण्णांना सगळं तोंडपाठ. कोण किती चेंडू खेळला, गेल्या वर्षी याच संघाविरुद्ध कोणी किती बळी घेतले. दुकानात कोणी विचारलं की अण्णा थोडे मागे रेलायचे, विचार करतोय असं दाखवायचे, आणि मी तिथे असले तर माझ्याकडे बघायचे. मी नसले तर विषय दिलीप सरदेसाईवर न्यायचे. तो विषय त्यांना खरोखरच पाठ होता. मडगावात जन्म, १९४०. वेस्ट इंडिजचा १९७१चा दौरा. किंग्स्टनला पाच बाद पंच्याहत्तर अशी दाणादाण उडालेली असताना हा उभा राहिला आणि २१२ करून गेला. मग पोर्ट ऑफ स्पेनला ११२, ब्रिजटाउनला १५०. मालिकेत ६४२. आणि इथे अण्णा दर वेळी टेबलावर थाप मारायचे. "गावसकरचे ७७४ सगळ्यांक पाठ! ६४२ कोणाक खबर आसात?"

आज हे लिहिताना हसू आलं. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, हे त्यांना कळत होतं. चांगलं कळत होतं. हजारो मैलांवरच्या माणसाबाबतीत.

बरं, असं लिहून मी कुठे जाते आहे? माझं नाव माईकवरून घ्यायला हवं होतं का? एकदा घेतलं होतं. "गुणलेखनाला माझी कन्या बसली आहे," असं म्हणाले होते, आणि मी इतकी लाजले की पुढच्या षटकात एक वाइड लिहायचाच राहून गेला. पुन्हा त्यांनी घेतलं नाही. मीच तसं सांगितलं असेल. आठवत नाही. आठवत नाही असं लिहिणं सोपं पडतं.

भावाचं काय, तो कधी मांडवात आलाच नाही. त्याला फुटबॉल. ते असो.

पण त्याच्या मुलाकडे आवाज आला, हे खरं. गेल्या रविवारी मी बाजारातून येत होते, चिंचेपाशी वळले आणि कर्ण्यातून "नमस्कार रसिकहो" ऐकू आलं. पिशवी हातातून सुटली नाही एवढंच. तोच खर्ज, "हो"वर तेच रेंगाळणं. त्यानं अण्णांना मांडवात फारसं ऐकलेलंही नाही, त्याच्या वाढत्या वयात अण्णा घरीच असायचे. मग आलं कुठून? घरात भांडताना ऐकलं असेल. दुकानाशी क्लबाचे सेक्रेटरी भेटले, म्हणाले, "आवाज घरातच रावलो, बरें जालें." मी म्हटलं, बरं झालं.

आवाज घरात राहिला. वह्याही घरातच राहिल्यात, कपाटात.

झोप येत नाही म्हणून शेवटची वही उलटी उघडली. मागच्या पानांवर कात्रणं आहेत. अण्णा ब्लेडनं कापायचे, मी खळ लावून चिकटवायचे. शेवटी शेवटी त्यांनी सामन्यांपेक्षा माणसंच कापली, गेलेली. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार आणि पुढे समालोचक रिची बेनॉ, एप्रिल २०१५. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याचे बाळ ज. पंडित, ज्यांचं मराठी समालोचन ऐकून अण्णांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या भाषेतही हे जमतं. मग मे २०१६, वेस्ट इंडिजचा समालोचक टोनी कोझियर. त्या दिवशी अण्णा म्हणाले, मधली फळी कोसळली.

कोझियर त्यांचा सगळ्यांत लाडका. सरदेसाईच्याच सालचा, तो १० जुलैचा, हा ८ ऑगस्टचा. हे मीच एकदा शोधून दिलं होतं आणि त्यांनी ते माईकवरून स्वतःचं म्हणून सांगितलं होतं. कॅरेबियन बोलीचा तो आवाज रेडिओवर ऐकून कित्येकांना तो काळा माणूस वाटायचा, समोर आला की लोक चक्रावायचे, गोरा बार्बाडियन निघायचा. अण्णा हे सांगताना खूश व्हायचे. त्यांनाही लोक प्रत्यक्षात बघून म्हणायचे, हो कितलो बारीक मनीस! आवाजावरून सहा फुटी वाटायचे.

कात्रणात घराण्याबद्दलही आहे. बाप जिमी कोझियर पत्रकार, टोनी पत्रकार आणि समालोचक, मुलगा क्रेग टीव्हीच्या बाजूनं क्रिकेटमध्येच. बेनॉचं घराणं आणखी अजब. बाप लू बेनॉ शाळामास्तर, लेगस्पिन टाकायचा, एका सामन्यात त्यानं दोन्ही डाव मिळून वीसच्या वीस बळी घेतले. आमच्याकडे देवराज पुरी आणि त्यांचा मुलगा नरोत्तम पुरी, दोघंही समालोचक, आणि मुलगा धंद्यानं कान-नाक-घशाचा डॉक्टर. बापाचा वारसा चालवायचा तर घसा तपासून घेतलेला बरा. सरदेसाईचा राजदीप ऑक्सफर्डकडून थोडं खेळला, मग कॅमेऱ्यासमोर गेला. अण्णांना त्याचा कोण अभिमान, जणू आमच्या वाड्यावरचाच.

सगळीकडे बाप आणि मुलगा. वाचता वाचता मी चिडले ती इथे.

बेनॉची बायको डॅफ्नी कुठे आहे यात? ती आधी स्वॉन्टन या बड्या क्रिकेटलेखकाची सेक्रेटरी होती. म्हणजे टंकलेखन, टिपणं, आकडे, सामन्यांच्या गाड्या पकडणं हे सगळं तिला बेनॉच्या आधीपासून ठाऊक. पुढे जन्मभर त्याच्याबरोबर. आमच्या कात्रणात तिच्यासाठी अर्धी ओळ आहे, 'पश्चात पत्नी'.

आणि मग एक कात्रण आहे जे अण्णांनी कापलेलं नाही. ते मी कापलंय, कात्रीनं, म्हणून कडा वाकडी. बिल फ्रिंडल, जानेवारी २००९. बीबीसीच्या कसोटी समालोचनात १९६६पासून गुणलेखक. दाढीवाला. समालोचक बदलत गेले, मरत गेले, हा आपल्या वह्या घेऊन तिथेच. जन्मही कसा, तर ३ मार्च १९३९, ज्या दिवशी डर्बनला तो अमर्याद कसोटी सामना सुरू झाला. निकाल लागेपर्यंत खेळायचं असं ठरलेलं, आणि शेवटी इंग्लंडची बोट सुटायची वेळ झाली म्हणून अनिर्णित सोडला. जिंकायला ६९६ हवे होते, पाच बाद ६५४ झाले होते. बेचाळीस धावा राहिल्या. गुणलेखकानं जन्माला यायचं तर याच दिवशी.

मी हे कात्रण अण्णांना दाखवलं होतं. ते बराच वेळ चष्मा वर-खाली करत वाचत बसले. मग म्हणाले, "ह्याका पगार मेळटालो." मी म्हटलं, हो, मिळत असेल. ते म्हणाले, "तुका कितें दिलें हांवें?" मी म्हटलं, रोस ऑम्लेट. ते खरंही होतं. उपांत्य सामन्याला एक, अंतिमला दोन, आणि पावाला मर्यादा नाही.

बघ, असं काही आठवलं की राग बसून राहत नाही. आणि मला आज तो हवा होता थोडा.

शहरातल्या त्या आवाजचाचणीबद्दल मी इथे लिहिणार नाही.

१९८५-८६ला गोवा पहिल्यांदा रणजी स्पर्धेत उतरला तेव्हा मात्र त्यांनी कुठल्या चाचणीची वाट पाहिली नाही. पणजीला कांपालच्या मैदानावर प्रेक्षकांत बसून सबंध सामना हळू आवाजात बोलत राहिले, एकट्यासाठी, आणि मी मांडीवर वही घेऊन. पुढे बसलेला एक म्हातारा सारखा मागे वळून बघायचा. दुपारी तो उठला, आमच्या शेजारी येऊन बसला, डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, चालू दे. मैदानाकडे त्यानं मग पाहिलंच नाही.

या मैदानाला नाव गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचं. १९७३ साली ते गेले आणि मागे शशिकलाताई मुख्यमंत्री झाल्या. अख्खं सरकार लेकीच्या हाती गेलं गोव्यात. आणि इथे मी एका वहीच्या मालकीवरून रात्री जागते आहे! माझं मलाच हसू आलं, पण दिवा काही मालवला नाही.

वारशाचं ओझं असतं म्हणतात ते मात्र मला पटतं. तेंडुलकरचा अर्जुन गोव्याकडून खेळायला आला, २०२२च्या डिसेंबरात, पर्वरीला, राजस्थानविरुद्ध, पहिल्याच रणजी सामन्यात १२०. बापानंही पहिल्या रणजी सामन्यात शतक केलेलं, १९८८ला. अण्णा तेव्हा टीव्हीसमोर, बोलणं बरंचसं गेलेलं. शतक लागलं तसं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हे गप्प. मग माझ्याकडे बघून पंजा उताणा केला. कितले? मी सांगितलं, एकशे एक. त्यांनी नाही नाही अशी मान हलवली आणि दोन्ही हातांनी एक लहान आणि एक मोठं असं काहीतरी दाखवलं. मी त्याचा अर्थ लावला तो असा, की पोराच्या पाटीवर बापाचे आकडे आधीच लिहिलेले असतात. दुसरा अर्थही असू शकेल. चहाचा कप मोठा दे, असंही म्हणत असतील.

तो पंजा त्यांनी शेवटपर्यंत वापरला. इस्पितळात सलाइन लावलेल्या हाताचा. मी कुठलाही आकडा सांगायचे.

भाच्याला माझ्याबद्दल काय वाटत असेल? त्याच्या शेजारी आता फोन असतो. एक पोरगा प्रत्येक चेंडूला बोट दाबतो आणि धावगती, भागीदारी, सगळं आपोआप. चूक होत नाही म्हणतात. ताळाही तोच मारतो. मी ताळा मारायचे तेव्हा डाव संपल्यावर मांडवात पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही असा नियम होता. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर एका बाजूला, गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेगबाय दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकूण धावसंख्येशी जुळल्या पाहिजेत. न जुळल्या तर चेंडू चेंडू मागे जायचं. कधी एका धावेसाठी चहा गार व्हायचा. आणि जुळलं की जे वाटायचं ना, ते मला पुढे संसारात फारसं कुठे मिळालं नाही. हे वाक्य खोडावं का? राहू दे.

ताळ्यावरून ती वही आठवली आणि शोधून काढली. निळ्या पुठ्ठ्याची, पाण्याचा डाग असलेली. अंतिम सामना. फलंदाजाचं नाव लिहीत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि रविवारचे प्रमुख पाहुणेही तेच आहेत. त्यांचं ते अर्धशतक. अजून सांगतात लोक. फटाके, गळ्यात झेंडूचा हार, सासरे मैदानात धावत आलेले, शंभराची नोट शर्टाला टाचलेली.

माझ्या वहीत ते ४७ आहेत.

चेंडू पॅडला लागून सीमेपार गेला होता. पंचांनी गुडघा उचलून त्यावर हात थोपटला, लेगबायची खूण, मी स्वच्छ पाहिली. अण्णांनी फक्त चेंडू जाताना पाहिला. "आणि हे अर्धशतक!" पुढचं काही ऐकू येईना, माळ लागली होती. मी त्यांच्या बाहीला धरून ओढलं. लेगबाय, अण्णा, लेगबाय. त्यांनी माईकवर पंजा ठेवला, मैदानातल्या गर्दीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "फटाके वाजले गो. आतां कितें करूं?" हार काढून खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुढच्याच चेंडूवर साहेब त्रिफळाचीत. लाल पेन्सिल. ४७. अवांतरच्या रकान्यात लेगबाय चार. ताळा पहिल्या झटक्यात जुळला होता, समासात बरोबरची खूण आहे, जरा जास्तच दाबून केलेली.

घरी येताना मी बोलत नव्हते. बोंडूचा वास सुटला होता सगळ्या वाटेवर. अण्णा मधेच थांबून म्हणाले, वहीत खरं लिहिलंस ना? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग झालं. तू लिही, मी बोलतो.

मला तेव्हा ही पळवाट वाटली होती. अजूनही थोडी वाटते. पण आज त्या पानाकडे बघताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी मला एकदाही खोड असं सांगितलं नाही. ते गावाला चढवून सांगायचे, षटकार दहा हात लांब न्यायचे, पडलेला झेल 'थोडक्यात हुकला' म्हणायचे, भांडणारे दोन संघ एकाच वाक्यात शूर करून टाकायचे, आणि त्या सगळ्याखाली माझी वही गुपचूप खरी राहू द्यायचे. एवढा विश्वास त्यांनी भावावर टाकला नाही. माझ्यावर का टाकला, मी मुकाट बसते म्हणून? असेल. मी मुकाट बसतेच.

आता गंमत अशी की ही वही काचेखाली गेली आणि कोणी हे पान उघडलं, तर चष्मा असलेला कोणीही रविवारी साहेबांना सांगू शकतो की तुमचे तीन कमी आहेत. साहेब दीपप्रज्वलनाला पेटीच्या अगदी जवळ उभे असणार. हे डोळ्यांसमोर आल्यावर मी एकटी एवढ्या जोरात हसले की शेजारचं कुत्रं भुंकलं.

नाही, निळी वही मी देणार आहे. लपवली तर अण्णांच्या ताळ्याला काय अर्थ राहिला? कुठलं पान उघडायचं ते पोरांनी ठरवावं.

शनिवार, सकाळ

भाच्याला फोन केला. म्हटलं, पेटीवर चिठ्ठी लावणार आहात ना, त्यावर 'गुणलेखन' असं लिहून पुढे माझं नाव घाल. तो गडबडला. "आत्या, हें तुजें अक्षर? आमकां अण्णांचें दिसलें." मी म्हटलं, अण्णांचं अक्षर बघायचं असेल तर एका पुठ्ठ्यावर आहे, पाव किलो तूरडाळ आणि खोबरेल तेल. तो हसला. अगदी अण्णांसारखा नाही, जरा चोरटा हसतो. मग म्हणाला, चिठ्ठ्या छापून झाल्यात, पण मी हातानं लिहितो. आणि मग हळूच, येशील ना मांडवात?

म्हटलं, उन्हाचं बघते. सांगितलंय त्याला, आले तर बाकड्यावर बसणार नाही, कंबर धरते. पाठ असलेली खुर्ची ठेव, आणि डाव्या बाजूला. ऑम्लेट दोन, अंतिम सामना आहे.